जागल्या की घरभेदी? : सरकारी नोकर आणि गुपिताचा प्रश्न

आपल्या वऱ्हाडात ‘जागल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हरभरा घाट्यावर आला, तूर शेंगांनी लदली, की रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेतकरी रात्री मचाणावर बसतो. शेकोटी पेटवतो, डबा वाजवतो, हाका घालतो. ही जागल. जुन्या गावगाड्यात रात्री गावाचा पहारा करणाऱ्यालाही जागल्या म्हणत. अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द एका नव्या अर्थाने रूढ केला आहे. आपल्याच कचेरीतला गैरव्यवहार पाहून जो नोकर तो बाहेर सांगतो, त्यालाही आता ‘जागल्या’ म्हणतात.

शब्द सुरेख आहे. परंतु त्यात एक अडचण आहे. शेतातल्या जागल्याचा शत्रू बाहेरून येतो. तो ओरडला की शेजारचे चार शेतकरी काठ्या घेऊन धावतात. सरकारी कचेरीतल्या जागल्याला मात्र कुंपणच शेत खाताना दिसते, आणि तो स्वतः त्याच कुंपणाचा एक काटा असतो. तो ओरडला तर त्याच्या मदतीला कोण धावणार? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, पण त्याहून जवळचे एक कारण आहे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संध्याकाळी डोकावून पाहा. निम्म्याहून अधिक टेबलांवर स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडलेली असतात. कोणाला तलाठी व्हायचे आहे, कोणाला ग्रामसेवक, कोणाला लिपिक, कोणाला तहसीलदार. म्हणजे उद्या त्या टेबलामागे आपणच बसणार आहोत, आणि एखादी नस्ती आपल्याच हातून पुढे जाणार आहे. तेव्हा काय करायचे, हे आज शांतपणे ठरवणे बरे.

फोडणे आणि उघड करणे

प्रथम शब्दांचा घोळ सोडवला पाहिजे. ‘माहिती फुटली’ असे आपण सरसकट म्हणतो. पण सर्व फुटणे सारखे नसते. २०२१ साली राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरती परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फुटल्या आणि त्या प्रकरणात खात्यातल्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला त्यांच्या तोंडचा घास त्यामुळे गेला. हेही गुपित फोडणेच, पण ते पैशासाठी होते. लिलावाच्या बोलीचा आकडा एका ठेकेदाराच्या कानात सांगणारा कारकूनही माहिती फोडतो.

याउलट, न झालेल्या कामाचे देयक मंजूर होत आहे असे पाहून जो नोकर वरिष्ठांना, दक्षता यंत्रणेला अथवा अखेर जनतेला सांगतो, त्याचे कृत्य वेगळे. दोघांत फरक कशाने करायचा? हेतूने करावा असे कोणी म्हणेल. परंतु माणसाच्या मनात शिरून हेतू कोण पाहणार? माझ्या मते दोन साध्या कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, ती माहिती बाहेर आल्याने लाभ कोणाचा : सांगणाऱ्याचा की सर्वांचा? दुसरी, ते गुपित मुळात होते कोणाचे? प्रश्नपत्रिका परीक्षेच्या घटकेपर्यंत गुप्त राहावी यात सर्व परीक्षार्थींचे हित असते. बंधाऱ्यात सिमेंट किती पडले हे गुप्त राहण्यात मात्र ठेकेदाराशिवाय कोणाचेच हित नसते.

गुपिताचा कायदा आला कोठून?

सरकारी कागद म्हणजे सरकारची खाजगी मालमत्ता, ही समजूत आपल्याकडे इंग्रजी राज्याने रुजवली. १८८९ साली कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरसंबंधीचा एक सरकारी कागद छापला आणि त्याच वर्षी शासकीय गुपितांचा पहिला कायदा हिंदुस्थानात झाला. पुढे १९२३ साली त्याची जागा आजच्या शासकीय गुपिते अधिनियमाने घेतली. परके सरकार प्रजेपासून कागद लपवते, यात नवल नाही. नवल याचे, की स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा राहिला. आपल्या राज्यातील नोकरांना लागू असणारे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे आहेत. त्यांतही अधिकाराशिवाय माहिती देण्यास मनाई आहे.

या भिंतीला पहिली मोठी खिडक न्यायालयाने पाडली. १९७५ साली राज नारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी असा विचार मांडला, की लोकसेवक सार्वजनिक रीतीने जे काही करतात ते जाणण्याचा लोकांना हक्क आहे. त्यानंतर महाराष्ट्राचा २००२ सालचा माहिती अधिकाराचा कायदा आला आणि २००५ साली सर्व देशाचा. या केंद्रीय कायद्याचे २२ वे कलम सांगते, की १९२३ च्या गुपिते अधिनियमाशी विसंगती आली तर माहितीचा अधिकार वरचढ ठरेल. २०१९ च्या एप्रिल महिन्यात राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. फुटलेले म्हणून जे कागद वृत्तपत्रांत छापले गेले होते, ते पुरावा म्हणून पाहूच नयेत हा सरकारचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. अर्थात त्यानंतरच्या निकालात मूळ मागणी मान्य झाली नाही. पण कागद कसा आला एवढ्यावरून तो टाकून देता येत नाही, हे तत्त्व राहिले.

दोन जुनी प्रकरणे

हा प्रश्न पाश्चात्त्यांकडून आला असे समजण्याचे कारण नाही. १९७१ साली अमेरिकेत डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद वृत्तपत्रांना दिले, ती हकीकत जगभर गाजली. परंतु त्याच्या ऐंशी-नव्वद वर्षे आधी महाराष्ट्राने या विषयाचे दोन धडे घेतले होते.

पहिला धडा कोल्हापूर प्रकरणाचा. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे दाखवणारी पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांकडे आली व त्यांच्या आधारे लेख छापले गेले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली व त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. तरी एका माणसावर खोटा ठपका आला हेही खरेच. म्हणजे उघड करणाऱ्याची कळकळ हा कागदाच्या खरेपणाचा पुरावा होत नाही.

दुसरा धडा क्रॉफर्ड प्रकरणाचा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचे नाव दिले गेले तेच हे आर्थर क्रॉफर्ड. पुढे ते पुण्याला मध्य विभागाचे आयुक्त होते. बदल्या आणि बढत्यांसाठी त्यांच्या हस्तकामार्फत पैसे घेतले जातात, असा बोभाटा झाला आणि १८८८ साली चौकशी सुरू झाली. पैसे दिल्याची साक्ष देणार कोण? ज्यांनी दिले ते मामलतदारच. तेव्हा लॉर्ड रे यांच्या मुंबई सरकारने अभयवचन दिले, की जे खरे सांगतील त्यांच्यावर कारवाई होणार नाही. मामलतदारांनी तोंड उघडले. चौकशी मंडळाने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्डना सोडले, मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल दोष दिला, आणि त्यांना सेवेतून जावे लागले. पुढे काय झाले? लाच देणारे मामलतदार न्यायदानाच्या आसनावर कसे बसू शकतात, अशी ओरड इंग्लंडच्या पार्लमेंटात झाली आणि दिलेले वचन पूर्णपणे पाळले गेले नाही. काही मामलतदारांच्या नोकऱ्या गेल्या. टिळकांनी १८८९ साली त्यांची बाजू घेऊन पुण्यात चळवळ केली, ती या वचनभंगाविरुद्ध.

हे मामलतदार काही निष्कलंक नव्हते, हे मान्य. पण आतल्या गोष्टी ज्याला ठाऊक असतात तो बहुधा थोडाबहुत चिखलात उभा असतोच. त्याला बोलते करायचे आणि काम झाले की वाऱ्यावर सोडायचे, हा व्यवहार पुढच्या दहा जणांची तोंडे कायमची बंद करतो.

एका अभियंत्याचे पत्र

आता जवळच्या काळाकडे वळू, आणि आपल्या शेताकडेही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा मुख्यतः कोरडवाहू. सोयाबीन पावसावर, तूर पावसावर. एकबुर्जी, सोनल, अडाण असे मोजके मध्यम प्रकल्प, लहान तलाव, पैनगंगेवरचे बंधारे, एवढाच आधार. विदर्भातील सिंचनाचा अनुशेष हा शब्द आपण शाळेपासून ऐकत आलो. तो भरून काढण्याचे काम ज्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे, त्याच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ साली अवघ्या काही महिन्यांत ६,६७२ कोटी रुपयांवरून २६,७२२ कोटींवर गेली.

२०१२ साली जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी राज्यपाल व मुख्यमंत्री यांना पत्रे लिहिली. ते राज्याच्या तांत्रिक सल्लागार समितीचे सदस्य होते. प्रकल्पांच्या किमती अवास्तव वाढवल्या जातात, कामे निकृष्ट होतात, उपसा सिंचन योजना बंद पडून आहेत, असे आरोप त्यांनी केले. पत्रे आधी योग्य ठिकाणी गेली; ती वृत्तपत्रांत आली नंतर. त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्का वाढले असा निष्कर्ष निघत होता आणि सुमारे ७०,००० कोटी खर्चाची चर्चा होती. २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. पवार १९९९ पासून दहा वर्षे जलसंपदा मंत्री होते. नोव्हेंबरअखेर शासनाने श्वेतपत्रिका काढली व सिंचनातील वाढ ५.१७ टक्के असल्याचा दावा केला. डिसेंबरात पवार पुन्हा त्याच पदावर आले. त्यानंतर ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास समिती नेमली गेली; तिचा अहवाल २०१४ साली विधिमंडळासमोर आला आणि कार्यपद्धतीतील अनेक अनियमितता त्याने दाखवून दिल्या. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने काही गुन्हे नोंदवले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र दिले, की विदर्भातील प्रकल्पांच्या बाबतीत पवार यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही.

या हकीकतीत दोषी कोण हे ठरवणे माझे काम नाही, ते न्यायालयाचे. मला यात वेगळी गोष्ट दिसते. पांढरे यांनी २०१४ साली आम आदमी पक्षातर्फे नाशिकमधून लोकसभेची निवडणूक लढवली. तेव्हा काही जण म्हणाले, बघा, राजकारणासाठीच हे सारे होते! समजा तसे धरले. तरी त्यामुळे किमती चौपट झालेल्या कमी होतात का? बंद उपसा योजना चालू होते का? कोल्हापूर प्रकरणाने शिकवले, की सांगणाऱ्याची तळमळ कागदाला खरे करत नाही. या प्रकरणाने त्याची दुसरी बाजू शिकवली : सांगणाऱ्याची महत्त्वाकांक्षा कागदाला खोटेही करत नाही. कागद तपासावा लागतो.

आणि एक गोष्ट. पत्रावरून श्वेतपत्रिका निघाली, समित्या झाल्या, राजीनामा झाला. पण शेताला पाणी किती आले? नुसता ओरडा झाल्याने पीक वाचत नाही. हाक ऐकून कोणीतरी यावे लागते.

अभयवचनाचे काय झाले?

केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातील गैरप्रकारांविषयी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहिले व आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलामागून टेबल फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. देश हादरला आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घेण्याचा व नाव गुप्त ठेवण्याचा अधिकार दिला. परंतु हा ठराव केंद्राच्या कारभारापुरता. वाशीमच्या तहसीलातला लिपिक किंवा रिसोडच्या पंचायत समितीतला कर्मचारी त्याच्या कक्षेत येत नाही.

सर्वांसाठी म्हणून जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याला ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात तरतुदी चांगल्या आहेत. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बर्वे यांच्यासारख्यांनाही संरक्षण आणि मामलतदारांनाही. पण संमतीला दहा वर्षे उलटून गेली तरी तो अंमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५ साली त्यात दुरुस्तीचे विधेयक लोकसभेने संमत केले. ते पुढे सरकले नाही आणि व्यपगत झाले. कायदा पुस्तकात आहे, पण जमिनीवर नाही. १८८९ साली वचन देऊन मोडले गेले. आपल्या काळात वचन लिहून ठेवले, पण दिलेच नाही. दोहोंत फरक किती?

मग करायचे काय?

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. माझ्या नात्यातले एक काका आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झाले. मी त्यांना या विषयावर विचारले तेव्हा ते आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, “बापू, तोंडानं सांगतलेलं वाऱ्यावर जाते, कागदावर लिवलेलं राह्यते.” त्यांच्या या एका वाक्यात मला बराच कायदा सापडला.

सरकारी नोकराचे पहिले शस्त्र म्हणजे नस्तीवरची टिप्पणी. ‘मोजमाप पुस्तिकेतील नोंद प्रत्यक्ष कामाशी जुळत नाही’ एवढे एक वाक्य, सही व तारीख घालून लिहिले, की पुढच्या प्रत्येकाला ते वाचून सही करावी लागते. हे लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. उलट ते कर्तव्यच आहे. आणि २००५ च्या कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत अभिप्राय व सल्लेही येतात. म्हणजे कोणी नागरिकाने दहा रुपयांचा अर्ज केला, की ती टिप्पणी उजेडात येऊ शकते. नोकराला कागद चोरून द्यावा लागत नाही. त्याने लिहावे आणि आपण मागावे, अशी ही वाटणी आहे.

दुसरे, पायऱ्या चुकवू नयेत. प्रथम वरिष्ठ, मग दक्षता यंत्रणा. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून देशात सर्वांत आधी लोकायुक्त ही संस्था उभी केली, तीही यासाठीच. लाचेची मागणी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. ही सर्व दारे ठोठावून झाल्यावर, आणि लोकांच्या जिवाला वा मोठ्या सार्वजनिक धनाला धोका असेल, तरच वृत्तपत्राचा मार्ग.

तिसरे, जेवढे आवश्यक तेवढेच उघड करावे. एखाद्या बंधाऱ्याचा घोटाळा सांगताना मजुरांच्या बँक खात्यांचे क्रमांक किंवा कोणाचे आजारपण चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चौथी गोष्ट नोकराने नव्हे, आपण करायची आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली, म्हणजे कामाचे हजेरीपट आणि खर्च ग्रामसभेपुढे वाचायचे. जिथे ग्रामसभा खरोखर भरते आणि हजेरीपट मोठ्याने वाचला जातो, तिथे मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघाली तर त्याचे शेजारीच सांगतात. तिथे जागल्याला एकट्याला ओरडावे लागत नाही. आपल्या गावच्या ग्रामसभेला आपल्यापैकी किती जण जातात?

विभीषणाचा प्रश्न

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रत्येक लिपिक आपापल्या बुद्धीने नस्त्या बाहेर देऊ लागला तर राज्यकारभार चालेल कसा? शिस्त हवी, विश्वास हवा. ‘घरचा भेदी लंका दहन’ ही म्हण आपल्या लोकांनी उगीच केलेली नाही. विभीषण न्यायाच्या बाजूला गेला, तरी आपल्या मुलाचे नाव विभीषण ठेवणारा बाप विरळाच.

आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच वर पायऱ्या सांगितल्या. परंतु विभीषणाची कथा नीट आठवावी. त्याने प्रथम रावणालाच भर सभेत समजावले. तिथे त्याचा अपमान झाला, त्याला हाकलले, तेव्हा तो निघाला. लंका जळली ती विभीषणाने सांगितले म्हणून नव्हे, सभेत त्याचे ऐकले नाही म्हणून. ज्या कचेरीत नोकराला आतल्या आत निर्भयपणे बोलता येते, त्या कचेरीचे कागद बाहेर फुटत नाहीत.

शिवाय निष्ठा कोणाशी, हेही पाहिले पाहिजे. वेतन साहेबाच्या खिशातून येत नाही. ते ज्या तिजोरीतून येते तिच्यात मंगरूळपीरच्या शेतमजुराने आगपेटीवर भरलेला करही असतो. नोकर साहेबाचा नव्हे, त्या मजुराचा. त्याच्यापासून लपवलेले गुपित हे सरकारचे गुपित नव्हे, ती चोरी होय.

मित्रहो, आपल्यातले काही जण लवकरच शासनसेवेत जातील. त्यांना मी एवढेच म्हणेन, की शूर होण्याची घाई करू नका, पण खोट्यावर सही करू नका. आणि जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवा. आपल्यातले उरलेले शेतात, दुकानात, शाळेत राहतील. त्यांचे काम अधिक सोपे आहे आणि अधिक महत्त्वाचेही. कोणा नोकराची सरळ वागल्याबद्दल बदली झाली अशी बातमी आली, तर ती चहाबरोबर वाचून बाजूला ठेवू नये. अर्ज करावा, ग्रामसभेत विचारावे, प्रतिनिधीला गाठून विचारावे, की संमत झालेला कायदा अजून लागू का नाही.

जागल एकट्याची नसते, हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. एका मचाणावरून हाक आली की दुसऱ्या मचाणावरून उत्तर जाते. ते उत्तर गेले नाही, तर दुसऱ्या रात्री त्या मचाणावर कोणी बसत नाही.